वरच्या खोल्यांचा नफा

४ फेब्रुवारी

आज वरच्या मावशींच्या खोल्यांचं कुलूप बदललं. अकरा वर्षं कागदावर मालकीण होते, आज पहिल्यांदा न विचारता आत गेले. तरी तोंडातून "येऊ का मावशी?" निघालंच. सवय.

व्यवहार काय होता ते इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे कर भरताना डोकं फिरणार नाही. मावशी एकट्या. त्यांना पैसा हवा होता आणि जागा सोडायची नव्हती. मी खालच्या मजल्यावर कवळ्या करणारी. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे कारखाना, मागे बिछाना. मी त्यांना तेव्हा आठ लाख दिले आणि त्या असतील तोवर महिन्याला पाच हजार द्यायचे ठरले. त्या असेपर्यंत जागेत त्या, मग मी. लोक म्हणाले, कवळीवालीने म्हातारीच्या मरणावर पैज लावली. लोकांच्या जिभेला हाड नसतं, आणि निम्म्यांच्या तोंडात दात मीच बसवलेले, मग कोणाकोणाचं तोंड धरणार?

मावशी गेल्या महिन्यात झोपेतच गेल्या. आता जागा विकायची. माझ्या छातीत साच्यांच्या प्लास्टरची धूळ साचलीय. खोकला नाही अजून, पण जिना चढले की धाप लागते. डॉक्टरीण म्हणते, धंदा सोडा, मोकळ्या हवेत जा. डोंगराकडे माझी थोरली बहीण राहते. तिच्या शेजारचं एक छोटं घर विकाऊ आहे, अंगणासकट, पंचवीस लाखांना. वरच्या खोल्या विकायच्या, ते घर घ्यायचं आणि पोटभर श्वास घ्यायचा. एवढंच मागणं आहे.

९ फेब्रुवारी

करसल्लागाराकडे जाऊन आले. हा माणूस प्रत्येक वाक्यात 'वजा' म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव वजाबाकी ठेवलंय.

"दलाल चाळीस लाख म्हणतोय," मी म्हटलं. "आठला घेतली. म्हणजे नफा बत्तीस. त्यावर तुमचा तो कर."

"थांबा हो. चाळीस वजा आठ. वजा अकरा वर्षं महिन्याला दिलेले, ते झाले सहा लाख साठ हजार. वजा सुधारणा. काय काय करून घेतलंत वर?"

न्हाणीघरात धरायला दांडा, जिन्याला कठडा, गळकं छत, खिडक्या. सगळे मिळून लाखभर.

"वजा दलालाचे चाळीस हजार. राहिले चोवीस लाख. हा तुमचा नफा. पाचवा हिस्सा कर, तो या चोविसावर. चाळिसावर नाही."

जीव भांड्यात पडला. कर जाऊनही हातात चौतीस-पस्तीस राहतात. डोंगरावरचं घर येतं आणि म्हातारपणाला उरतं. मग मी विचारलं, "अहो, इतकी वर्षं भाव चढत होता. दर वर्षी मी मनातल्या मनात श्रीमंत होत होते. ते काय होतं मग?"

"ती नुसती वाढ. विकून पैसा हातात पडला की नफा. तोवर काही खरं नाही."

उठता उठता सहज म्हटलं, मावशी लवकर गेल्या असत्या तर? म्हणाला, "वजा कमी झालं असतं, नफा जास्त." आणि अजून दहा वर्षं जगल्या असत्या तर? "नफा कमी." इतक्या साध्या आवाजात बोलला की मला राग आला. पण हिशोब चोख आहे, त्याचा काय दोष?

घरी येताना डोक्यात तेच घोळत होतं. दर महिन्याला पाकीट घेऊन मी वर जायचे. मावशी दार उघडायच्या आणि मी म्हणायचे, "आज चेहरा उतरलेला दिसतोय." काळजीच होती ती. मला तरी तशीच आठवते.

१६ फेब्रुवारी

वरची साफसफाई. कपडे दिले, भांडी दिली. मावशींची वरची कवळी खिडकीत पेल्यात तशीच होती. मीच केलेली. माणूस सुकत गेलं की हिरड्याही झिजतात, कवळी सैल होते, म्हणून दर दोन वर्षांनी आतून नवा थर देऊन बसवून द्यायची. शेवटचा थर गेल्या वर्षीचा. टाकवेना. खाली आणून साच्यांच्या फळीवर ठेवली.

पलंग राहिलाय. एकट्याने हलत नाही.

२७ फेब्रुवारी

भर दुपारी एक कवळी घासत बसले होते. यंत्र बंद केलं आणि वरून खोकल्याचा आवाज आला. तीनदा कोरडा, मग एकदा लांब, घशातून खरवडून काढल्यासारखा. पुन्हा तीनदा. पुन्हा लांब.

किल्ली घेऊन वर गेले. कोणी नव्हतं. खिडक्या बंद, सगळीकडे धूळ. पलंगावर हात ठेवला तर गादी गार होती, हेही लिहून ठेवते, कारण मी घाबरट नाही. शेजारच्या इमारतीचा आवाज असेल.

एकच गोष्ट पटत नाही. मावशी अकरा वर्षांत कधी खोकल्या नाहीत. त्यांची छाती लोखंडाची होती.

८ मार्च

गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. चाळिशीची, गोड बोलणारी, समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलणारी. खोल्या पाहिल्या, खिडकीतला उजेड पाहिला, मग मला म्हणाली, "तुम्ही मावशींशी केलात तसा व्यवहार माझ्याशी कराल का? पंधरा लाख आत्ता, आणि तुम्ही असाल तोवर महिन्याला वीस हजार. राहा तुम्हीच इथे. खालचं भाडंही वाचेल."

मी म्हटलं, मी एकोणसाठची आहे बाई, म्हातारी नाही. ती हसली. "म्हणून तर वीस. वय आणि तब्येत बघून आकडा ठरतो."

रात्री पाटीवर आकडे मांडले. दहा वर्षं धरली तर पंधरा अधिक चोवीस, एकोणचाळीस. वीस वर्षं धरली तर त्रेसष्ट! कुठे ते एकरकमी चाळीस. आणि मी जितकी जगेन तितका माझा नफा. मावशींच्या वेळी उलटं होतं, आता सुलटं आहे.

१० मार्च

ताईचा फोन. तिला व्यवहार सांगितला.

"अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस," ती म्हणाली. "चाळीस घे आणि ये. इथे तुझ्यासाठी घर थांबवून धरलंय मी."

"ताई, चारच वर्षं. पंधरा आहेतच, वरचे दहा लाख महिन्याच्या पैशांतून आणि वाचलेल्या भाड्यातून साठतील. मग महिन्याचे सोडून द्यायचे आणि यायचं. नुकसान कुठंय?"

"तुझ्याशी बोलून माझ्या दाताच्या कण्या झाल्या!"

म्हटलं, पाठवून दे, बसवून देते. फोन आपटला तिने. लहानपणापासून अशीच.

१९ मार्च

आज मी जी शक्कल लढवली ती या वहीशिवाय कोणाला सांगणार नाही. तब्येत बघून आकडा ठरतो ना? मग तब्येत जितकी वाईट तितके महिन्याचे जास्त, कारण समोरच्याला वाटतं, ही काय फार दिवस घेणार! डॉक्टरणीकडे गेले. छातीचा फोटो काढला. म्हटलं, "दाखला द्या, आणि जरा वाढवून लिहा. तुमचं काय जातंय?"

ती बराच वेळ फोटो उजेडाकडे धरून बघत होती. मग म्हणाली, "आहे तेच लिहिते." जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, "बहिणीकडे लवकर जा." बाहेर येऊन दाखला वाचला तर काय, बाईने माझा शब्द राखला होता! असं भयंकर लिहिलंय की मलाच माझी कीव आली. दोन्ही बाजू निकामी होत चालल्या, सुधारणा होणार नाही, वगैरे वगैरे. तोंडावर नाही म्हणायचं आणि काम करून टाकायचं, अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. तिच्या आईची कवळी फुकट दुरुस्त करून देणार आहे.

२२ मार्च

चष्मेवाल्या बाईंना दाखला दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "तीस हजार देते."

घासाघीस नाहीच! मी पस्तीस म्हणायला हवं होतं.

२ एप्रिल

कारखान्याची जागा मालकाला विचारून एका किल्लीवाल्याला दिली. जागा बघायला आला तेव्हा मी बाकावर समोर बसून भाड्याचं सांगत होते. मध्येच वर मान करून म्हणाला, "वर कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. रिकामी जागा आहे."

"खोकतंय की कोणीतरी."

मलाही आलं होतं ऐकू. तीनदा कोरडा, एकदा लांब. मी म्हटलं, नळातून आवाज येतो, जुनी इमारत आहे. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. मी ठेवला की नाही ते मला ठरवता आलं नाही.

१४ एप्रिल

सह्या झाल्या. पंधरा लाख बँकेत. वजाबाकीने कागद वाचला आणि एका अटीवर पेन्सिल टेकवली: जागा सोडून दुसरीकडे राहायला गेले की महिन्याचे पैसे बंद. म्हटलं, माहीत आहे. महिन्याचे तीस झाल्यावर तीनच वर्षं पुरतात, मग बंद होऊ देत.

"यंदा माझा नफा किती धरायचा?" मी विचारलं.

"यंदा नाहीच. पंधरा लाखांत तुमचा घातलेला पैसाही अजून वसूल नाही. या व्यवहारातला नफा किती, तो व्यवहार संपल्यावर कळेल."

"संपणार कधी?"

त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतंच तिला.

बाहेर पडताना चष्मेवाल्या बाईंनी माझा दंड धरून पायऱ्या उतरवल्या. "सांभाळून मावशी," म्हणाल्या. सकाळपर्यंत मी 'बाई' होते.

६ मे

वर राहायला आले. उजेड छान आहे. पलंग मावशींचाच ठेवला, नवा घ्यायचा म्हणजे उगाच खर्च, आणि आता सुधारणेचा खर्च माझ्या हिशोबात वजा होत नाही. तीन दिवसांत न्हाणीघरातला दांडा धरायची सवय लागली. मीच बसवलेला दांडा, पण इतका बरोबर उंचीवर बसलाय हे मला माहीत नव्हतं. मावशी माझ्यापेक्षा चांगल्या वीतभर बुटक्या होत्या.

कारखान्यातली धूळ मागे राहिली, आता छाती बरी होईल.

३ जून

खोकला सुरू झालाय. हवापालट.

१ जुलै

चष्मेवाल्या बाई पाकीट घेऊन आल्या. स्वतः येतात, दर पहिल्या तारखेला, सोबत सफरचंदं. मी कापून खाते म्हटलं तर म्हणाल्या, "मी कापते, तुम्ही बसा." बसून माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत, मग गळ्याशी, मग हातांकडे. "आज चेहरा उतरलाय मावशी," म्हणाल्या.

मला तो सूर ओळखीचा वाटला आणि कुठला ते लगेच आठवलं. आठवायला नको होतं. सफरचंद गोड होतं, तरी उरलेलं खाववलं नाही.

२० जुलै

कुलूप अडकत होतं म्हणून किल्लीवाल्याला वर बोलावलं. काम करता करता मला खोकल्याची उबळ आली. तो हातातलं टाकून माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही मावशी. हाच तो. मी जागा बघायला आलो होतो तेव्हा वरून आला होता, तो हाच खोकला. तीनदा छोटा, मग तो मोठा." मग स्वतःच गोंधळला. "पण तेव्हा तुम्ही तर खाली माझ्यासमोर बसला होतात."

"सगळ्यांचे खोकले सारखेच," मी म्हटलं. तो पैसे न घेताच जिना उतरला.

सगळ्यांचे खोकले सारखे नसतात. मी दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले आणि खोकला दाबत राहिले. दाबला की जास्त येतो. मला भीती वाटतेय. कशाची ते नीट लिहिता येत नाही.

११ ऑगस्ट

मला वरची कवळी आहे हे इथे कधी लिहिलं नाही. चांभाराच्या पायात चांगला जोडा कुठला, तसं आमचं. गेला महिनाभर ती सैल पडतेय. बारीक झालेय मी. आज थर द्यावा म्हणून हत्यारांची पेटी उघडली. वर येताना साच्यांबरोबर मावशींची कवळी कपड्यात गुंडाळून आणली होती, ती हाताला लागली. का कोण जाणे, धुऊन तोंडात घातली.

बसली. नुसती बसली नाही, टाळ्याला चिकटली, ओढली तरी सुटेना. जन्मभर हेच काम केलंय मी. दोन माणसांच्या हिरड्या सारख्या नसतात. सख्ख्या बहिणींच्या नसतात, जुळ्यांच्या नसतात. एकाची कवळी दुसऱ्याला टोचते, हलते, ओकारी आणते. ही माझ्यासाठी केल्यासारखी बसली. आरशात बघायला गेले नाही.

काढली आणि पेल्यात ठेवली. माझी अजून सैलच आहे. दुपारी जेवताना शेवटी तीच घातली. चावता येतं.

२ सप्टेंबर

ताईला फोनवर माझं बोलणं वेगळं वाटलं. म्हणाली, "दात बदललेस का गं? कोणी म्हातारी बोलतेय असं वाटतंय." म्हटलं, सर्दी आहे.

"घराबिराचं राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडेच ये. उद्या गाडी पाठवते."

"आले की महिन्याचे तीस बंद होतील ताई. इतक्यात आले तर सगळा व्यवहारच आतबट्ट्याचा."

मग मला तिच्या रडण्याचा आवाज आला. ताई रडत नाही कधी.

२४ सप्टेंबर

डॉक्टरणीला घरी बोलवावं लागलं. जिना उतरवत नाही. छाती ऐकून झाल्यावर मी थट्टेने म्हटलं, "तुम्ही त्या दाखल्यात इतकं रंगवलंत की खरंच झालं बघा."

तिने कानातली नळी काढली. "मी एक अक्षर वाढवलं नव्हतं हो," ती म्हणाली. "त्याच दिवशी बहिणीकडे जा म्हटलं होतं ना मी?"

ती गेली. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हे. मार्चमध्येच होतं सगळं. मी ते कागदावर घेतलं, घडी घातली आणि दहा हजार जास्त मागायला वापरलं.

मग एकच करता येत होतं ते केलं. पाटी घेतली. मिळाले पंधरा लाख आणि पाच महिन्यांचे दीड, एकूण साडेसोळा. वजा आठ, वजा सहा साठ, वजा लाख. माझा नफा नव्वद हजार. दुसऱ्या बाजूला चष्मेवाल्या बाईंचा मांडला. चाळीस वजा साडेसोळा. मी पुढचा महिना काढला की त्यातून तीस जातील, आणखी एक काढला की आणखी तीस. त्यांच्या पाटीवर मी रोज वजा होणारी बाई आहे. मावशी माझ्या पाटीवर अकरा वर्षं होत्या, आणि त्यांना ते माहीत होतं. दर महिन्याला पाकीट हातात घेऊन त्या कशा बघायच्या ते आज समजलं.

ताईला फोन केला. म्हटलं, पाठव गाडी. पण एक तारीख होऊ दे. तेवढं पाकीट घेऊन येते.

"लाज वाटत नाही तुला?" ती म्हणाली.

वाटते. पण तीस हजार आहेत.

१ ऑक्टोबर

गाडी दुपारी येणार आहे. उशीला टेकून लिहितेय.

चष्मेवाल्या बाई सकाळीच आल्या. पाकीट, सफरचंदं आणि बरोबर एक सुतार. "तुम्ही पडून राहा मावशी. जरा मापं घेऊन जातो, कपाटं करायची आहेत." कधी, ते म्हणाल्या नाहीत, मी विचारलं नाही. सुताराने चपला बाहेर काढल्या आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं हळू बोलू लागला. खिडकीची भिंत झाली. दाराची झाली. मापाची पट्टी माझ्या पांघरुणावरून पलीकडे गेली. मी पाय दुमडून घेतले.

"पलंगामागची राहिली," सुतार म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत, गळ्याशी, हातांकडे. मग अगदी मायेने म्हणाल्या, "ती नंतर घेऊ."

ते 'नंतर' किती जवळ आहे याचा हिशोब त्यांनी केलेला होता. आकडाही पक्का होता, चेहऱ्यावरून कळतं. मला वाटलं ओरडावं, पाकीट तोंडावर फेकावं, सांगावं की खाली गाडी येतेय, मी चालले, मी जगणार आहे. खोकला आला. तो थांबेपर्यंत दोघं अदबीने उभे राहिले.

मग मी पाय खाली सोडले, पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "नंतर कशाला? सरकवा पलंग. मी आहे ना."

सुताराने पलंग सरकवला आणि पट्टी ताणली. एका हाताने पुरेना, भिंत लांब आहे. बाईंच्या हातात पिशव्या होत्या. मीच पुढे झाले आणि पट्टीचं टोक कोपऱ्यात अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.

"हललं तर चुकेल हं," तो म्हणाला.

"नाही हलत," मी म्हटलं.